एक तास त्रेपन्न मिनिटं

डॉसनसाहेबानं घड्याळाचं बटण दाबलं आणि नायनानं पहिली तार उचलली.

नायना म्हणजे माझा बाप, भूमय्या मंथेन. सोलापुरात आम्हा तेलुगू विणकरांच्या घरांत बापाला नायना म्हणतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अंबादासशेठचा टॉवेलचा कारखाना होता, तिथं तो सांधणी करायचा. मागावरचं सूत संपत आलं की नवा बीम, म्हणजे ताण्याच्या तारा गुंडाळलेला रूळ, चढवतात आणि जुन्या प्रत्येक तारेच्या शेपटाला नव्या बीमची तार जोडावी लागते. एका बीमला दोन हजार चारशे तारा. गाठ मारायची नाही. दोन टोकं चिमटीत धरायची, बोट राखेत बुडवायचं, पीळ द्यायचा, सोडायचं, की पुढची.

अशी चार माणसं सांधणीखात्यात होती. चारांतली किती ठेवायची हे त्या दिवशीच्या आकड्यावरून ठरणार होतं. हे शेठला ठाऊक होतं, डॉसनसाहेबाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. चौघांना एवढंच ठाऊक होतं की विलायतेहून पाहुणा काम बघायला आलाय.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. बी.कॉम. झालेलो, टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो. कारखान्यात इंग्रजी आणि तेलुगू दोन्ही बोलणारा मी एकटाच, म्हणून शेठनं मला साहेबाच्या मागं दुभाष्या लावला होता. भूमय्या माझा बाप आहे हे साहेबाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नाही आणि मी बोललो नाही. नायना भोकं पडलेल्या बनियनमध्ये होता, कोपरापर्यंत राखेनं भरलेला. मी इस्त्रीच्या शर्टात होतो. एवढं कारण तेव्हा मला पुरलं.

डॉसनसाहेब वाईट माणूस नव्हता. पन्नाशीचा, उन्हानं मान भाजलेला, गळ्यात दोरीला घड्याळ, हातात लाकडी पाटी आणि पाटीला चिमट्यानं लावलेला कागद. त्याच्या गावच्या गिरण्या तीस वर्षांपूर्वीच बंद पडल्या होत्या, आणि आता आमची गिरणी कशी चालवायची ते सांगायला तो आला होता. मला यात गंमत वाटायची, पण ती बोलून दाखवायची माझी पायरी नव्हती. पहिल्या दिवशी त्याला कुणी कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी दिली. ती त्यानं चमच्यानं खाल्ली आणि डोळे पुसत पुसत "व्हेरी गुड" म्हणाला. पुढचे तीन आठवडे त्याचा मुक्काम केळी आणि उकडलेल्या अंड्यांवर होता.

"कसं बसू म्हणतोय?" नायनानं सुरू करण्याआधी विचारलं होतं.

"रोज बसतोस तसं बस म्हणतात."

"रोज बसतो तसा? पाहुण्याकडं पाठ करून?" नायना हसला आणि बाकडं फिरवून घेतलं.

शेजारच्या मागावर गंगाराम बोद्दुल होता, नायनापेक्षा दहा वर्षांनी लहान, जिभेनं तिखट. तो म्हणाला, "भूमय्या, रथावर बसल्यासारखा बसलास की."

त्या बोलण्यात अर्थ होता. मार्कंडेयाच्या रथोत्सवात आमच्याकडं चालत्या गाडीवर माग लावतात आणि रस्त्याभर लोकांच्या देखत कापड विणत जातात. नायना तरुणपणी सहा वर्षं त्या मागावर बसला होता. कुणी बघतंय म्हटल्यावर हात कसा चालवायचा हे त्याला एकाच प्रकारे ठाऊक होतं.

बघणाऱ्यानं बघत राहावं असा हात होता तो. दोन्ही चिमट्या दिसेनाशा झाल्या. तारा आपणहून एकमेकींना मिळताहेत असं वाटायचं. मध्ये चहा आला तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. तंबाखूची पुडी कनवटीलाच राहिली. तीन तासांचं काम. सव्वा तासानंतर इतर तिघं आपापलं काम सोडून मागं येऊन उभे राहिले, आणि गंगाराम माझ्या कानाशी पुटपुटला, "बापाला आवर. म्हातारा पडेल."

शेवटची तार सोडली तेव्हा घड्याळात एक तास त्रेपन्न मिनिटं झाली होती.

डॉसनसाहेब बसल्या पेटीवरून उठला. त्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. मग पाटी सरळ धरून मला म्हणाला, "आमच्याकडं मला पाहिलं की माणसं मुद्दाम सावकाश करतात. म्हणून कागद बंद करण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो. याला विचार, हा याचा रोजचा वेग आहे का? दिवसभर टिकेल का?"

मी नायनाला तेलुगूत विचारलं. त्याला धाप लागली होती. राखेच्या हातानं कपाळ पुसत तो दोन-तीन वाक्यं बोलला. मी इंग्रजीत एक वाक्य बोललो. साहेबानं कागदावरच्या एका चौकोनात आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली.

"सांगितलंस ना नीट?" नायनानं विचारलं.

"सांगितलं."

"मग आता चहा सांग त्याला. आणि मला पण."

पंधरा दिवसांनी फलक लागला. सांधणी, दर बीमला दोन तास दहा मिनिटं. सतरा मिनिटं साहेबानं दमणं, पाणी पिणं, लघवीला जाणं यांसाठी उदार मनानं वाढवून दिली होती. त्या हिशेबानं खात्यात चार नव्हे, दोनच माणसं लागत होती. तीन महिने सगळ्यांची वेळ नोंदवायची, मग साहेब परत येऊन बघणार आणि दोघांना घरी पाठवणार. फलकावर चौघांची नावं आणि पुढं रोजचे रकाने. वेळ पाळली तर हिरवा खडू, चुकली तर लाल. खडू माझ्या हातात दिले होते.

गंगाराम फलक वाचून आला, जेवणाच्या सुट्टीत नायनासमोर बसला आणि डबा न उघडताच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं रे एवढं उडायला?"

"पाहुणा होता, गंगाराम."

"पाहुणा जेवून गेला. ताट आमचं घेऊन गेला."

"मी साहेबाला सांगितलंय की," नायना म्हणाला. "जनाला विचार. जनानंच इंग्रजीत करून सांगितलं. तो लिहायचा राहिला असेल. परत येणार आहे ना, तेव्हा बघेल."

गंगारामनं माझ्याकडं पाहिलं. त्याला तेलुगू येत होतं, त्यामुळं त्या दिवशी नायना काय बोलला ते त्यानं ऐकलं होतं. मी काय बोललो ते त्याला कळलेलं नव्हतं. "काय रे जनार्दना, सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हणालो आणि फलकाकडं गेलो, कारण दुपारचे रकाने भरायचे होते.

तीन महिने मी माझ्या बापाच्या नावापुढं खडू ओढला. पहिल्या आठवड्यात सगळे लाल. नायनानं चहा सोडला. मग तंबाखू सोडली, कारण मळायला वेळ जातो. चिमटीची कातडी सोलवटली, तर रात्रीच्या पोळ्यांचं उरलेलं तेल लावून सकाळी परत बसला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या नावापुढं हिरवे दिसू लागले. दोन लाल, एक हिरवा. मग एक लाल, दोन हिरवे. तिकडं गंगारामच्या रांगेत एकही हिरवा आला नाही. त्याला तीन मुली होत्या आणि दोन तास पन्नास मिनिटांच्या खाली तो कधीच उतरला नाही. तो वाईट कामगार नव्हता. माणसं जेवढ्या वेगानं सांधणी करतात तेवढ्या वेगानं तो करायचा.

एकमेकांशी बोलणंच बंद झालं त्या खात्यात. पूर्वी चौघं मिळून एकमेकांची टर उडवायचे, त्यात तासभर कसा जायचा कळायचं नाही. तो तासच साहेबानं काढून नेला होता. आता नुसत्या चिमट्या हलायच्या.

साहेब परत यायचा त्या आठवड्यातला रविवार. घरी अम्मा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. नायना माझ्यासमोर येऊन बसला, शाळेतल्या पोरासारखा मांडी घालून.

"जना, मला एक इंग्रजी शिकव."

"कसलं?"

"मी त्या दिवशी साहेबाला जे बोललो ना, ते. 'आज पाहुण्यासाठी हात उचलला. रोज एवढं होत नाही. रोज तीन तास लागतात, सगळ्यांनाच.' एवढंच. इंग्रजीत कसं म्हणायचं?"

तो तसंच बोलला होता त्या दिवशी. शब्दन्शब्द. आणि मी साहेबाला सांगितलं होतं, "तो म्हणतो, हे माझं रोजचंच आहे."

का, ते आज तरी सांगतो. साहेबानं टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या बापासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि लगेच त्या खोट्या ठरवाव्यात असं मला वाटलं नाही. हे एक. दुसरं असं, की आदल्या दिवशीच साहेब मला म्हणाला होता, पुण्याच्या कामासाठी मला एक हुशार स्थानिक पोरगा लागेल, असा, जो मला चांगले आकडे आणून देईल. या दोन्हींतलं कुठलं किती होतं याची फोड मी पुष्कळदा करून पाहिली आहे. दरवेळी उत्तर वेगळं येतं आणि दरवेळी दुसरंच कारण जड निघतं.

अम्मा विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "तू कशाला शिकतोस या वयात? पोरगा आहे की सांगायला."

"नको," नायना म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता, वर्तमानपत्राकडं बघत होता. "या वेळी मीच बोलतो."

मी त्याला शिकवलं. काय करणार होतो? लांब वाक्य त्याच्या जिभेला बसेना, म्हणून तोडून दिलं. 'टुडे फास्ट, फॉर गेस्ट. डेली थ्री अवर्स. ऑल मेन.' अंघोळ करताना, जेवताना, चपला घालताना तो ते म्हणत होता. 'गेस्ट'चं 'गेष्टू' व्हायचं. अम्मा हसून हसून बेजार झाली. "साहेबीणबाई कुठाय तुमची?" म्हणाली. तोही हसला. मी पण हसलो.

मंगळवारी अकराच्या सुमारास डॉसनसाहेब सांधणीखात्यात आला. बरोबर अंबादासशेठ, मागं मी. साहेबानं नायनाला ओळखलं, हात पुढं केला. नायनानं राखेचा हात धोतराला पुसून त्याच्या हातात दिला, आणि तो सोडलाच नाही.

"सर," तो म्हणाला. "टुडे फास्ट. फॉर गेष्टू." मग थांबला, कारण त्या 'टुडे'ला आता तीन महिने झाले होते आणि ते कसं सांगायचं हे मी त्याला शिकवलं नव्हतं. पण त्यानं नेटानं पुढं रेटलं. "डेली थ्री अवर्स, सर. ऑल मेन." आणि मोकळ्या हातानं गंगारामकडं, बाकीच्या दोघांकडं बोट केलं.

मागं सगळे थांबले होते. गंगारामच्या हातात तार तशीच होती.

साहेबाला समजलं. माणूस हुशार होता. त्यानं पाटीवरचे कागद उलटले, जुना कागद काढला, तो चौकोन शोधला आणि माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही. "इथं तू मला सांगितलंस की हा याचा नेहमीचा वेग आहे. आता हा म्हणतोय की नव्हता. कुठलं खरं?"

शेठ माझ्याकडं बघत होता. साहेब बघत होता. नायना बघत नव्हता. तो साहेबाचा हात धरून खाली त्या कागदाकडं बघत होता, त्याला वाचता येत असल्यासारखं.

एक वाक्य बोलायचं होतं. तेव्हाही एकच होतं.

मी इंग्रजीत म्हणालो, "म्हातारा झालाय, सर. काम जाईल म्हणून घाबरलाय. आता सगळे असंच म्हणताहेत."

साहेबानं मान हलवली. त्याला ते पटलं, कारण सगळ्या देशांत सगळे असंच म्हणतात हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं नायनाच्या खांद्यावर थोपटलं, "डोन्ट वरी," म्हणाला, आणि पाटीवर कागद लावून पुढच्या खात्याकडं चालू लागला.

नायनानं आपला मोकळा झालेला हात पाहिला. मग मला तेलुगूत विचारलं, "झालं?"

"झालं."

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

त्यानं मान डोलावली. त्याला 'ओल्ड' कळत होतं. रविवारपासून इंग्रजी ऐकायला त्याचे कान टवकारलेले होते.

शनिवारी यादी लागली. घरी जाणाऱ्यांत नायनाचं नाव असेल म्हणून मी तयारी करून ठेवली होती. काय बोलायचं, कसं समजवायचं. ते नव्हतं. गंगाराम बोद्दुल आणि आणखी एक, असे दोघं घरी गेले. राहिलेल्या दोघांत पहिलं नाव भूमय्या मंथेन. खालीच दुसरा कागद होता. पुण्याच्या कामासाठी जनार्दन मंथेन.

मला वाटलं होतं गंगाराम शिव्या घालेल. त्यानं बाकड्याखालची आपली राखेची वाटी उचलली, नायनाच्या बाकड्यावर ठेवली आणि म्हणाला, "घे. तुला आता दुप्पट लागेल."

सोमवारी नायना कामावर गेला नाही. मंगळवारीही नाही. शेठनं माणूस पाठवला, तेव्हा दारातूनच म्हणाला, "हात गेले माझे." हात धडधाकट होते. त्याच हातांनी पुढं तो अम्माच्या विड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधत बसायचा, सावकाश, एकेक.

माझ्याशी तो तुटला नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मी पुण्याहून आलो की हाक मारायचा, मटण आणायला स्वतः जायचा, नातवंडांना खांद्यावर घ्यायचा. फक्त एक करायचा. घरी कसलाही कागद आला, बँकेचा, महापालिकेचा, दवाखान्याचा, तर मी समोर बसलेलो असताना तो उठायचा, चपला घालायचा आणि तिसऱ्या घरातल्या मास्तरांच्या मुलीकडून वाचून आणायचा. मी एकदा म्हणालो, "दे ना इकडं." तर म्हणाला, "राहू दे. तू दमून आलायस."

असं तेरा वर्षं.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. सोलापुरातल्याच एका दवाखान्यात होता. सकाळी डॉक्टर फेरीवर आले, रिपोर्ट पाहिले, आणि पेशंटला कळू नये म्हणून माझ्याशी इंग्रजीत बोलले. आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, महिनाभर, फार तर. मग पुढच्या खाटेकडं गेले. सलाईन बदलणारी सिस्टर तिथंच उभी होती.

नायनानं विचारलं, "काय म्हणाले?"

कुणीही जे सांगितलं असतं ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बरं वाटेल, घरी जाऊ. ते मी गिळलं. या एका माणसाशी आता तरी जसंच्या तसं बोलायचं, असं मी फार पूर्वी ठरवलं होतं. खाली वाकून त्याच्या कानाशी तेलुगूत सांगितलं. सगळं. महिनासुद्धा.

त्यानं ऐकून घेतलं. मग नजर माझ्यावरून काढून मान पलीकडं वळवली आणि त्याच्या मोडक्या मराठीत विचारलं, "सिस्टरबाई, डॉक्टर काय बोलला? हा म्हणतोय, मी महिन्यात जातो."

ती पोर बिचारी घाबरली. माझ्याकडं तिनं रागानं पाहिलं, असं कुणी सांगतं का म्हणून. मग वाकून त्याची चादर सारखी केली. "काहीतरीच काय, आजोबा. घरी गेलात की बरं वाटेल असं म्हणाले डॉक्टर. मी ऐकलं ना."

नायनाचा चेहरा सैल झाला. कपाळावरच्या आठ्या मी बघता बघता गेल्या. मग तो हळूच माझ्याकडं वळला. राग नव्हता. पोरगं काही केल्या सुधारत नाही हे कळून चुकलेल्या बापाची असते तशी नजर होती.

"जना," तो म्हणाला. "अजून?"

सिस्टर ऐकत होती. खिडकीतून ऊन त्याच्या पायांवर आलं होतं.

"माझं ऐकण्यात चुकलं, नायना," मी म्हणालो. "ती म्हणते तेच बरोबर."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि थोपटत राहिला. नवव्या दिवशी गेला.